तीनशे झाडांचा जामीन

फुलसावंगीत डोमाजी मनवर म्हटलं तर माणसं डोकं खाजवत. 'डोळेवाला डोमाजी' म्हटलं की लगेच बौद्धवाड्याकडे बोट दाखवत. हे डोळे संत्र्याचे. जंबेरी लिंबाच्या रोपाला चाकूने चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद उचलायचा, चिरेत बसवायचा आणि केळीच्या ओल्या सोपटाने बांधून टाकायचा. डोळा जगला तर खाली जंबेरी आणि वर संत्रं. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने एकदा करून पाहावं आणि महिन्याभराने किती डोळे काळे पडले ते मोजावेत. डोमाजीचे शंभरातले दोनाच्या वर काळे पडत नसत. असा हात असलेल्या माणसाची अशी दैना व्हावी, याचा मला अजून राग येतो. कोणाकोणाचा येतो ते पुढे कळेलच.

छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी नागपूरला गेला आणि धम्म घेऊन परतला. तेव्हा तो वीस वर्षांचा, सातवी पास. आल्याबरोबर त्याने आणि त्याच्या आईने, मथुराबाईने, देव्हाऱ्यातले टाक नाल्यात सोडले. मेलेलं ढोर ओढायचं नाही, कोणाच्या दारात जोहार घालायचा नाही, असं वाड्याने ठरवलं. ठरवलं ते बरं केलं, पण पोट कोणत्या कामावर भरायचं हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी सरकारी रोपवाटिकेत माळीकामाचा एक वर्षाचा वर्ग निघाला. डोमाजीने अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. मथुराबाईने गावभर सांगितलं, "माहा पोरगा झाडाची डाक्टरी शिकून राह्यला."

वर्गात बावीस जण होते, त्यातले डोमाजी धरून तिघे त्याच्या समाजाचे. पहिल्या दिवशी रोपवाटिकेच्या साहेबांनी फळबागेच्या शिक्षणाने काय काय होता येतं ते सांगितलं. मॅट्रिक झाला तर नागपूरच्या शेतकी कॉलेजात जाऊन साहेब होता येतं. नाहीतर सरकारी रोपवाटिकेत माळी. नाहीतर नगरपालिकेच्या बागेत. नाहीतर एखाद्या मोठ्या बागाइतदाराकडे कायमचा बागवान. स्वतःची जमीन-विहीर असेल तर स्वतःची पन्हेरी लावा, रोपं विका. आणि काहीच नसेल तर चाकू घ्या आणि गावोगाव डोळे भरत फिरा. डोमाजीने हे सगळं बोटांवर धरलं. एका हाताची बोटं पुरली नाहीत. त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नाही, हे त्याने बायकोला पुढे कित्येकदा सांगितलं.

डोळे भरायला शिकवत ते नजीरमियाँ. दिग्रसचे बागवान, साठीला टेकलेले, हातात पाच पिढ्यांचा चाकू. त्यांना पुस्तक येत नव्हतं आणि पुस्तकाला त्यांचं काम येत नव्हतं. डोमाजीचा हात पाहून ते म्हणाले, "बेटा, तू तो माँ के पेट से सीख के आया है."

डिसेंबरात काडीचा धडा होता. डोळा कोणत्या झाडावरचा घ्यायचा आणि झाडाच्या कोणत्या फांदीवरचा, हे झाडापाशी उभं राहूनच कळतं. रोपवाटिकेची झाडं लहान होती, म्हणून दोन मैलांवरच्या एका सधन माणसाच्या बागेत वर्ग नेला. कुंपणापाशी राखणदार आडवा आला. मालकाचा निरोप होता, की आत विहीर आहे, तेव्हा ते तिघे बाहेरच राहू द्यावेत. नजीरमियाँनी आवाज चढवला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, "उशीर होतोय" म्हणाले आणि बाकीच्या एकोणीस जणांना घेऊन आत गेले. शिवाशिवीविरुद्धचा कायदा त्याआधीच झाला होता. साहेबांना तो पाठही असेल.

तिघे बोरीच्या काट्यांबाहेर तासभर बसून राहिले. आतून नजीरमियाँचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग सगळे ओल्या पोत्यात काड्यांची मोळी घेऊन बाहेर आले. नजीरमियाँनी डोमाजीच्या हातात मूठभर काड्या दिल्या, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्यांना लाज वाटत होती. डोमाजीलाही वाटत होती, खरं तर त्याला वाटायचं काही कारण नव्हतं. संध्याकाळी विचारता आलं असतं, की उस्ताद, काडी कुठली तोडली? पण विचारलं असतं तर सगळ्या वर्गासमोर पुन्हा एकदा कुंपणाबाहेर बसावं लागलं असतं. त्याने विचारलं नाही. पुढे वर्ग संपेपर्यंत काड्या आयत्या तोडून येत गेल्या. शेवटच्या परीक्षेत शंभर डोळे भरायचे होते, त्याचे अठ्ठ्याण्णव जगले. किती जगले तेवढंच मोजलं गेलं. पहिला नंबर आला आणि शिक्क्याचा कागद मिळाला.

मग एकेक बोट मिटत गेलं. मॅट्रिक नव्हता, साहेब होणं गेलं. सरकारी जागा दोन होत्या, त्याला "कळवू" म्हणाले, ते अजून कळवतायत. नगरपालिकेच्या बागेत माळी आधीच जास्त होते. स्वतःच्या पन्हेरीला जमीन कुठली? राहिला चाकू, आणि राहिलं एक बोट, मोठ्या बागेचा बागवान.

ते बोट धनसिंग नाईकांनी धरलं. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्याचे ते पुढारी. त्यांनी नवी विहीर खोदली होती आणि तीन एकरांत संत्र्याची तीनशे झाडं लावायचं मनात घेतलं होतं. ते स्वतः डोमाजीच्या दारी आले. "डोळे तू भर, झाडं तूच वाढव. मळ्यात खोपडी बांधून देतो. बहार आला का तू माहा कायमचा बागवान. तुह्या नंतर तुहे पोरं." डोमाजीने मळ्यात गेल्यावर पाण्यासाठी ओंजळ पुढे केली. नाईकांनी त्याच्या हातात दोर दिला. "विहीर मी खोदली, पानी जमिनीचं हाय. वढ आन् पी."

काडी आणायला डोमाजी एका जुन्या बागेत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो काडी तोडण्यासाठी झाडाखाली उभा होता. बाजूच्या फांद्या बारीक, वेड्यावाकड्या, फळं धरून थकलेल्या दिसत होत्या. झाडाच्या मधोमध मात्र सरळसोट काड्या वर गेल्या होत्या, हिरव्यागार, जाडजूड, डोळे टपोरे. त्याने मनाशी म्हटलं, लेकरू घ्यावं तर धष्टपुष्ट आईचं. त्याने त्याच तोडल्या. तीनशेच्या वर डोळे भरले, तीन वाया गेले. लोक तांड्यावर रोपं पाहायला आले. एकोणसाठच्या पावसाळ्यात तीनशे झाडं मळ्यात लागली. एक रोप उरलं. ते नाईकांनी त्याला दिलं आणि त्याने ते वाड्यातल्या घरामागे मोरीच्या पाण्यावर लावलं.

त्याच साली त्याचं लग्न झालं. पंचफुला मळ्यातल्या खोपडीत आली. खोडाला मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप देणं, आळी करणं, सांध्यावर माती चढू न देणं, सगळं ती त्याच्या बरोबरीने शिकली. वाड्यातली पोरं बांधावरून बघत. एकेक करून सात जणांनी माळीकामाचा वर्ग केला. डोमाजीच्या बहिणीचा मुलगा भीमराज त्यातला शेवटचा. सगळ्यांचं म्हणणं एकच, डोमाजीमामाला जमलं ते आपल्याला काहून जमणार नाही?

झाडं जोरात वाढली. फारच जोरात. चौथ्या वर्षी ती हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी उंच गेली आणि त्यांच्या अंगावर बोटाएवढे काटे आले.  त्रेसष्ट साली डोमाजी एसटीने दिग्रसला गेला. नजीरमियाँ आता घराच्या ओट्यावरच बसून असत. त्याने आडून विचारलं, "उस्ताद, एकाच्या बागीत झाडाइले लय काटे आले. काहून येत असतीन?"

नजीरमियाँ म्हणाले, "काडी पानसोट की ली होगी उसने. झाड के पेट में से जो सीधा ऊपर जाता ना, वो पानसोट. खाता बहोत, देता कुछ नहीं. काडी लेना तो बाजू की लेना, जिसने फल पकडा हो, गोल, बिना काटे की. मैंने तो उसी दिन बाग में..." ते मध्येच थांबले. त्यांना तो दिवस आठवला होता. कुंपणही आठवलं असणार.

"आता फळतीनच नाही काय?"

"फलेगा. आठ साल, दस साल, बारा साल, अल्ला जाने. नहीं तो सिर काट के दुबारा डोळा भर. जिसकी बाग है ना, उसको जा के बोल दे बेटा. आज ही बोल."

डोमाजी घरी आला आणि त्याने फक्त पंचफुलाला सांगितलं. ती म्हणाली, "नाईकाले सांगून टाका." तो म्हणाला, "सांगतो." आणि सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर खोपडी जाईल, काम जाईल, ते सोसता आलं असतं. पण लोक काय म्हणतील ते त्याला पाठ होतं. लोक काडीला दोष देणार नाहीत. लोक म्हणतील, यांच्या हाताला फळच नाही. मग त्या सात पोरांना कोण बागेत घेईल? त्यापेक्षा पुढच्या बहाराला फळ धरलं तर कोणाला काही सांगायची गरजच नाही. माणूस स्वतःला किती सहज फसवतो! चार वर्षं तो तेच करत होता. दर मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, पानं मलूल करायची, मृगाच्या पावसाची वाट पाहायची आणि पाऊस पडला की पहाटे उठून फांदीफांदी तपासायची. पालवी फुटे. कळी नसे. तो परत येऊन खोपडीच्या दारात बसे.

धनसिंग नाईक कधी जाब विचारत नसत. तेच जास्त जीवघेणं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणत, "येईन, येईन. जमीनच नवी हाय." शेजारच्या बागा मात्र लगडल्या होत्या.

आमच्या भागात न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची रीत आहे. एकाने कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "देत नाही ना, तोडतो तुले." ज्याने झाड लावलं त्याने मध्ये पडून म्हणायचं, "नको तोडू, पुढल्या साली देते. मी जामीन." कुऱ्हाड तीनदा सालीला टेकवायची आणि झाड सोडून द्यायचं. सहासष्टच्या मेमध्ये नाईकांच्या बायकोने हट्ट धरला. कुऱ्हाड घेऊन धावजी आला, तांड्यावरचा लाकूडतोड्या. जामीन अर्थातच डोमाजी.

"आपन हे सोडलं ना?" पंचफुला हळूच म्हणाली. त्याला ते माहीत होतं. असलं काही मानायचं नाही असं त्याने छप्पन साली लाखो लोकांबरोबर उभं राहून म्हटलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. तो पहिल्या झाडापुढे उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पुढल्या साली देते. मी जामीन." तीनशे झाडांसाठी एकदाच. त्याला वाटलं, आपली जीभ झडून पडेल. नाईकांनी समाधानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या पावसाळ्यात एकही कळी आली नाही.

आता बाजारात बोलणं सुरू झालं. धावजीच सुरुवात करी. झाडं हत्तीएवढी, फळ नाही, जामीनही खोटा पडला, हातच तसा. उन्हाळ्याच्या तोंडी भीमराज मळ्यात आला. दिग्रसकडच्या एका शेतकऱ्याने त्याला दोनशे डोळे भरायचं काम दिलं होतं, ते काढून घेतलं. "मामा, त्यो म्हनते, तुह्या मामाच्या झाडाईले फळ लागू दे, मंग ये. आमी सात जन हावो. आमी काय करावं?"  ज्याला घाबरून डोमाजीने चार वर्षं तोंड मिटलं, ते त्याच मिटलेल्या तोंडामुळे दारात येऊन उभं राहिलं होतं.

सदुसष्टच्या मेमध्ये पुन्हा कुऱ्हाड आली. या खेपेला तांड्यावरची आणि गावातली पन्नास-साठ माणसं जमली होती. धावजीने कुऱ्हाड उगारली. "देत नाही ना, तोडतो तुले! कोन हाय जामीन?"

डोमाजी पुढे झाला. "कोनीच नाही."

धावजीचा हात हवेतच राहिला. डोमाजी धनसिंगांकडे वळला. "नाईक, मांगल्या साली मी खोटं बोललो. झाडाइचा दोष नाही, माह्या हाताचाबी नाही, आमच्या जातीचा तं नाहीच नाही. म्या काडी चुकीची घेतली. पानसोटाची. चार वर्षं झाले, मले मालूम हाय. आमचे सातही पोट्टे काडी बराबर घेतेत, त्याइले रोपवाटिकेतच शिकवलं. त्याइले काम द्या. चूक माही एकट्याची."

"येवढा पयला नंबर आला तुहा, आन् काडी मालूम नव्हती?" नाईकांनी विचारलं.

मग त्याने कुंपणाची गोष्ट सांगितली. दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही एवढ्या माणसांसमोर.  काही माणसं खाली पाहू लागली. काही मात्र पाहतच राहिली.

 धनसिंग हळू बोलले, "त्यानं तुले भाईर ठेवलं, त्यो हरामखोर होता. पन म्या तुले विहिरीवर कधी अडवलं?"

"नाही, नाईक."

"मंग तू मले चार वर्षं कुंपनाभाईर काहून ठेवलं?"

 इतकी वर्षं डोमाजीने सगळ्यांसाठी उत्तरं तयार ठेवली होती, फक्त या एका माणसासाठी काही ठेवलं नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, "शेंडे कापून पुन्हा डोळे भरतो. या बारीला बराबर भरतो. मले एक पैसा नको."

"आनखी पाच-सात वर्षं? मी साठीचा झालो, डोमाजी." नाईकांनी पागोटं सारखं केलं आणि धावजीकडे न बघता म्हणाले, "तोड."

तीन दिवस कुऱ्हाड चालली. काटेरी फांद्या ओढून ढीग लावायचं काम डोमाजीने केलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याला राहवलं नाही. हात सोलून निघाले. पंचफुलाने खोपडीतलं सामान डोक्यावर घेतलं आणि दोघं वाड्यात परतली.

बोलून उपयोग झाला असता तर मी ही गोष्ट इतकी लांबवली नसती. लोकांनी त्याच्या बोलण्यातलं हवं तेवढं उचललं. धावजी बाजारात सांगू लागला, "त्यानं सोताच कबूल केलं ना, त्याइले काम येत नाही म्हनून." कुंपण कोणी सांगितलं नाही, काडी कोणी सांगितली नाही. भीमराजने एकदा येऊन आपला चाकू मामाच्या घरी ठेवला आणि तो पुसदकडे सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला. जाताना म्हणाला, "मामा, बोलाचंच होतं तं चार वर्षं आंधी बोलाचं होतं. नाही तं आता तरी बोलाचं नव्हतं." बाकीचे सहाही हळूहळू गेले. डोमाजी दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जाऊ लागला. डोळेवाला हे नाव तेवढं राहिलं, आता ते हसत हसत घेतलं जाई.

अडुसष्टच्या मृगानंतर पंचफुला घरामागे भांडी घासत होती. तिला वास आला. मोरीकाठच्या झाडावर पांढऱ्या कळ्या होत्या. हे तेच उरलेलं रोप, त्याच काडीचं, त्याच दिवशी भरलेलं. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. वाऱ्याने गळतील, म्हणून आठ दिवस ती गप्प राहिली. मग त्यानेच पाहिलं. त्याला ताबडतोब हिशेब कळला. एक वर्ष. मळा आणखी एक वर्ष उभा राहिला असता तर तिथेही हाच वास आला असता.

सात फळं धरली. फेब्रुवारीत ती पिकली. डोमाजीने तीन फळं धोतराच्या सोग्यात बांधली आणि नाईकांच्या मळ्याकडे निघाला. बांधापर्यंत गेला. आत कपाशी वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि विहिरीपाशी धनसिंग नाईक एकटेच बसले होते, खूप म्हातारे दिसत होते. फळ दाखवावं तर काय सांगायचं? आणखी एक वर्ष कळ काढली असती तर? की तुम्ही तोडलीत ती झाडं फळणारी होती? त्या माणसाला आयुष्याच्या शेवटी हे नेऊन द्यायचं? तो बांधावरूनच परत फिरला.

घरी येऊन त्याने फळं चुलीपाशी ठेवली. पंचफुलाने एक सोललं, अर्धं त्याला दिलं, अर्धं आपण घेतलं. त्याने एक फोड तोंडात टाकली आणि मग बायकोच्या खांद्यावर डोकं टेकवून हा तेहतीस वर्षांचा माणूस लेकरासारखा रडला.

"आंबट हाय काय?" पंचफुलाने विचारलं, तीही रडत होती.

"नाही वं," तो म्हणाला, "लय गोड हाय."